लॉख टेवरची बैठक

लग्नाची बैठक बोटीत होते हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या नागपूरला बैठक म्हणजे हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, दोन्हीकडच्या मामांना समोरासमोर बसवायचं, एक चोंबडा मध्यस्थ मध्ये ठेवायचा आणि पोह्यांवर पोहे खात दुपारभर बोलायचं. कुणी बोलायचं थांबलं की समजावं, काहीतरी बिनसलं. माझ्या स्वतःच्या बैठकीत तर माझे सासरे आणि माझे काका निवडणुकीवरून कडाकडा भांडले आणि भांडता भांडताच तारीख ठरवून मोकळे झाले. म्हणून आमच्या होणाऱ्या जावयाच्या, यूअनच्या वडिलांनी ‘शनिवारी लॉखवर सॅमन मासे धरायला जाऊ’ असा निरोप पाठवला तेव्हा मला वाटलं, हा नुसता पाहुणचार असेल, खरं बोलणं नंतर घरी होईल. कसलं काय.

आधी माणसं सांगते. माझे यजमान शशिधर, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं, आता स्वतः कुठेही बसल्या जागी झोपू शकतात. आमची एकुलती एक वरदा मँचेस्टरला फिजिओथेरपी शिकली, तिथे तिला यूअन भेटला. मुलगा मला पसंत होता. बोलतो कमी, पण वरदा बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवून ऐकतो, आणि एवढं आमच्या घरात आजवर कुणी केलेलं नाही. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता, डंकनचा. यूअनची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बापलेक दोघंच, आणि लग्नानंतर वरदा तिथेच राहायला जाणार होती, स्कॉटलंडमध्ये लॉख टे नावाच्या तळ्याच्या काठावरच्या त्या घरात. यूअनची नोकरी तिथल्या जंगलात, तिची जवळच्या पर्थ शहरात. म्हणजे माझी मुलगी रोज संध्याकाळी ज्या माणसासमोर जेवायला बसणार, त्या माणसाला ती हवी आहे की नको, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. त्यासाठी २००६च्या ईस्टरच्या सुटीत आम्ही एडिंबरापर्यंत विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. डंकन दारातच उभे होते. उंच, हडकुळे, हाताचे पंजे मात्र पोळपाटाएवढे. त्यांनी आमच्या बॅगा उचलल्या आणि विचारलं, चहा घेणार का. मी म्हटलं, नको नको, कशाला त्रास. ते बरं म्हणाले आणि समोर बसले.

झालं. चहा संपला तिथेच. शशिधरनी पहिल्या फटक्यात हो म्हटलं होतं, त्यांना मग भरून चहा मिळाला, सोबत बिस्किटंही. मी सकाळपासून चहाचा घोट घेतला नव्हता आणि त्यांच्या मगातून निघणाऱ्या वाफेकडे बघत बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी वर्षं या देशात काढलीस, इथले लोक एकदाच विचारतात हे तुला ठाऊक नाही? ठाऊक आहे. दुकानात, हॉस्पिटलच्या पार्ट्यांना, शेजारच्या मार्गारेटकडे मी पहिल्या विचारण्याला ‘येस प्लीज’ म्हणते आणि दोन बिस्किटं उचलते. पण ते शेजारी, हे व्याही. व्याह्याच्या घरी पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी विहीण हावरट ठरते. तिने नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा विचारायचं, तिने अर्धाच कप म्हणायचं, त्यांनी पूर्ण भरायचा. त्या आग्रहातूनच कळतं, आपण यांना किती हव्या आहोत ते. शशिधर पुण्याचे, त्यांना हे कधी कळलं नाही. पुण्याची माणसं आग्रह करत नाहीत, पण दुसऱ्याने केला तर वाया मात्र जाऊ देत नाहीत.

शनिवारी सकाळी बोटीवर गेलो. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. समोरच्या बेन लॉअर्स डोंगरावर अजून बर्फ होता आणि लॉखचं पाणी दोन्ही बाजूंना दिसेनासं होईपर्यंत लांब पसरलेलं. वरदा आणि यूअन काठावरच थांबले, मोठ्यांना बोलू द्यावं म्हणून. बोटीत आम्ही तिघं. एक साधं इंजिन, तीन फळ्या बसायला आणि मासे धरायचे दोन रॉड. एक यूअनचा, तो डंकननी शशिधरच्या हातात दिला. दुसरा त्यांचा स्वतःचा. मुठीवरचा बुचाचा भाग झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराचा झाला होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, नको नको, तुमचा आहे, मग तुम्ही काय करणार. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान हलवली आणि तो आपल्या बाजूच्या खोबणीत लावला. पुन्हा विचारलं नाही.

मी मनात म्हटलं, बरं.

सॅमन असा धरतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, माणूस काठावर उभा राहून गळ फेकत असेल. इथे कुणी काही फेकत नाही. रंगीत प्लॅस्टिकचा खोटा मासा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा, दोरी सोडत राहायची, तो मासा बोटीच्या खूप मागे गेला की रॉड खोबणीत ठेवायचा आणि बोट गोगलगाईसारखी चालवायची. काठाकाठाने, जिथे उथळ संपून खोल सुरू होतं त्या कडेवरून. डंकनची आणखी एक जुनी पद्धत होती. रॉडपाशी दोरीचा एक वेढा काढून ते बोटीच्या तळाला टेकवायचे आणि त्यावर एक गुळगुळीत दगड ठेवायचे, खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा. मासा लागला की दोरी खेचली जाते आणि दगड खडखड करत उडतो. तोपर्यंत माणसाने फक्त दगडाकडे बघायचं.

आणि खरं सांगते, मी रागावलेली असूनही मला त्या सगळ्याचं भारी कुतूहल वाटायला लागलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, खाली पाणी किती खोल आहे. ते म्हणाले, खूप. मी विचारलं, हे मासे येतात कुठून. म्हणाले, समुद्रातून, नदी चढून, अंडी घालायला. मग मी विचारलं, इतकं लांब आल्यावर भूक लागत असेल, म्हणून चावतात का. तर म्हणाले, गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खात नाही. महिनोन्‌महिने काहीच खात नाही.

मी चाटच पडले. खात नाही तर मग तुमच्या या खोट्या माशाला तोंड कशाला लावतो? डंकननी बराच विचार केला आणि म्हणाले, कुणालाच माहीत नाही. सकाळपासूनचं त्यांचं ते सगळ्यात मोठं वाक्य. आणखी काही तरी सांगतील म्हणून मी थांबले, पण ते पाण्याकडे बघत राहिले.

दुपारच्या सँडविचनंतर मी मुद्द्यावर आले. म्हटलं, वरदा म्हणते तुमचं घर तिला फार आवडलं. ते म्हणाले, आय. इथल्या लोकांचा तो ‘हो’. मी म्हटलं, इथे थंडीत एकटं वाटत असेल. म्हणाले, आय. मी म्हटलं, आता घरात माणूस वाढेल. तर म्हणाले, दगडाकडे लक्ष ठेवा. शशिधर एव्हाना टोपी डोळ्यांवर ओढून घोरायला लागले होते. दगड दिवसभर हलला नाही. बैठकही हलली नाही.

संध्याकाळी खोलीत आल्यावर मी शशिधरना सांगितलं, या माणसाला आपली मुलगी नको आहे. ते म्हणाले, कशावरून, तो कमी बोलतो एवढंच. मी म्हटलं, कमी बोलणं वेगळं आणि मूग गिळून बसणं वेगळं. चहा एकदा विचारला, रॉड एकदा विचारला, मुलीचं नावही तोंडातून काढलं नाही. ज्याला माणूस हवं असतं तो दुसऱ्यांदा विचारतो. मी उद्या वरदाशी बोलणार, लग्न कर, पण या घरात राहू नकोस, पर्थला वेगळं बिऱ्हाड करा. शशिधर म्हणाले, अगं, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं तू केलंस. रॉड हवा होता तर घ्यायचा होतास. पुणेरी माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

रविवारी बोट नव्हती. स्कॉटलंडात रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी आहे. डंकन चर्चला गेले, शशिधर वर्तमानपत्र घेऊन चुलीपाशी बसले, आणि मी वरदा आणि यूअनला घेऊन काठाकाठाने फिरायला निघाले. मनात वाक्यं जुळवतच होते, तेवढ्यात वरदाच थांबली. तिचे डोळे सुजलेले होते.

ती म्हणाली, “आई, तुला यूअन आवडत नाही का? खरं सांग.”

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला असं. तर ती म्हणाली, डंकननी काल यूअनला विचारलं, तुझ्या सासूला हे लग्न नको आहे का. मी म्हटलं, मी? मला? मग यूअनने खाली बघत, शब्द शोधत सांगितलं. त्या बोटीची एक रीत आहे. पाहुण्याला रॉड देत नाहीत. पाहुणा आला तर तो फळीवर बसतो, कॉफी पितो, डोंगर बघतो. रॉड फक्त घरच्या माणसाच्या हातात. त्याच्या आजोबांपासून तसं चालत आलंय. यूअनला स्वतःचा रॉड मिळाला तरी वडिलांचा रॉड हातात धरायला कधी मिळाला नाही. आणि तो त्यांनी काल मला दिला. मी नको म्हटलं. ते घरी येऊन यूअनला म्हणाले, बाईंनी स्पष्ट सांगितलं, त्यांना आपल्यात यायचं नाही. आता पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्यावर जबरदस्ती.

मी तिथेच एका ओंडक्यावर बसले. म्हणजे हीच बैठक होती. काल सकाळी, एका मिनिटात, माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मला कळलीही नाही. मला वाटत होतं तो माणूस बोलत नाही, आणि तो तर जे बोलायचं ते पहिल्या पाच मिनिटांत बोलून बसला होता.

वरदाला मी सगळं सांगितलं, आग्रहाचं, चहाचं, नागपूरच्या बैठकांचं. ती आधी हसली, मग चिडली. तिच्या त्या अर्ध्या मराठीत म्हणाली, “आई, एवढा मोठा चूक, आणि कोणालाच माहीत नाही. मी सांगते त्यांना.” मी म्हटलं, अजिबात सांगायचं नाही. माझ्या तोंडाने बिघडलं, माझ्याच तोंडाने नीट होईल. यूअनलाही बजावलं. तो आय म्हणाला.

म्हणायला सोपं होतं. हवी असलेली गोष्ट स्वतःहून मागायची, तीही व्याह्याकडे, तीही एकदा नको म्हटल्यावर, हे मी आयुष्यात केलेलं नव्हतं. माझ्या आईने पाहिलं असतं तर तिथल्या तिथे पदर तोंडाला लावला असता. आणि त्यांनी आता नाही म्हटलं तर? त्या लोकांचं नाही म्हणजे नाही. पुढे बोलायला जागाच नाही. मग माझी मुलगी त्या घरात अशा बाईची मुलगी म्हणून जाणार, जिने त्यांचा हात झिडकारला. मला रात्री नीट झोप लागली नाही.

सोमवारी संध्याकाळी आम्हाला निघायचं होतं. सकाळी डंकननी विचारलं, बोटीवर येणार का, आणि मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत येस म्हटलं. शशिधरनी भुवया उंचावल्या. बोटीत बसलो. डंकननी इंजिन चालू केलं, शशिधरना यूअनचा रॉड दिला आणि स्वतःचा उचलला. तो ते खोबणीत लावणार एवढ्यात मी हात पुढे केला.

“डंकन, मला तो हवाय,” मी म्हटलं. “परवाही हवा होता.”

ते थांबले. माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी रॉड माझ्या हातात ठेवला, दोरी सोडायला शिकवलं, वेढा काढून दिला आणि दगड माझ्याच हाताने ठेवायला लावला. मी झिजलेल्या मुठीत माझी बोटं बसवून पाहिली, ती बसत नव्हती, त्यांचे पंजे केवढे आणि माझे केवढे. पण मी मूठ सोडली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी दगडाकडे अशी बघत होते जशी दूध तापत ठेवलेली बाई पातेल्याकडे बघते. आणि तो उडाला. खडाखड आवाज करत बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेला, दोरीचं रीळ किंचाळायला लागलं, रॉड वाकून पाण्याला टेकतो की काय असा झाला. घाबरून मी नेहमी जे करते तेच केलं. रॉड डंकनपुढे धरला आणि म्हणाले, घ्या, घ्या, तुम्ही घ्या, तुमचा मासा आहे.

डंकननी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

म्हणाले, ज्याच्या हातात रॉड त्याचा मासा. त्यांनी इंजिन बंद केलं, शशिधरना त्यांची दोरी गुंडाळून घ्यायला सांगितलं, म्हणजे गुंता होणार नाही, आणि मला सांगत राहिले. तो पळतोय तोवर पळू द्या. आता गुंडाळा. आता थांबा. टोक वर ठेवा. माझे खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, तोंडाने मी मराठीत काय काय बोलत होते ते न सांगितलेलं बरं. मासा दोनदा जवळ येऊन बोट बघून परत पळाला. तिसऱ्यांदा डंकननी जाळी खाली सरकवली आणि तो आत आला, चांदीच्या नव्या ताटासारखा लखलखीत, माझ्या हाताएवढा लांब.

वसंतातला सॅमन ते परत सोडतात. जाळी पाण्यातच धरून त्यांनी गळ काढला आणि मला म्हणाले, शेपटीपाशी धरा, श्वास घेऊ द्या त्याला. मी धरला. बर्फासारख्या पाण्यात तो माझ्या हातात जड आणि जिवंत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. मी पुन्हा विचारलं, खात नाही तर चावला का हा? आणि या वेळी डंकन बोलले. म्हणाले, त्यांचे आजोबा म्हणायचे, रागाने. वडील म्हणायचे, लहानपणच्या सवयीने. “मला वाटतं,” ते म्हणाले, “त्याला हात नाहीत. काही नवं दिसलं की हे काय आहे, हे तोंडात धरूनच बघावं लागतं.” मासा एकदम सावरला, माझ्या हातातून सुटला आणि काळ्या पाण्यात गेला.

आम्ही तसेच बसलो. इंजिन बंदच होतं, बोट आपली आपण हलत होती. शशिधर चक्क जागे होते. डंकननी टोपी काढून मांडीवर ठेवली, घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

“वरदा आमच्या घरी आली तर मला आवडेल. तिला येऊ द्याल का?”

आमच्यात मुलीकडच्यांनी विचारायचं असतं, मुलाच्या बापाने नव्हे. पण मी ते काढलं नाही. नको म्हटलं नाही, बघू म्हटलं नाही, यांना विचारून सांगते असंही म्हटलं नाही. सरळ म्हटलं, हो, मलाही फार आवडेल.

ते मान हलवून गप्प झाले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी टोपी फिरवली आणि पुन्हा विचारलं, अगदी तेच शब्द. खरंच येऊ द्याल का तिला? मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. मी मोठ्याने हो म्हटलं. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कानांकडे गेलं. ते लाल झाले होते. मी बजावलेलं असूनही, काल शाळेतल्या मुलाकडून पाठ करून घ्यावं तसं यूअनने त्यांच्याकडून करून घेतलं असणार: या लोकांना एकदा विचारून चालत नाही, बाबा. आणि सबंध आयुष्यात एक गोष्ट दोनदा न बोललेला तो माणूस, माझं हो पहिल्याच वेळी मिळालेलं असतानाही, नेमून दिलेलं काम पुरं करायला बसला होता. पुरे म्हणून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी सांगितलं नाही. शनिवारपासून मी याचीच वाट बघत होते.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा हो म्हटलं आणि मग मात्र मला रडू आवरेना. शशिधर रुमाल शोधायला लागले, डंकन घाबरून इंजिनाची दोरी ओढायला लागले. काय सांगणार होते मी त्यांना? माझी मुलगी त्यांनी तीनदा मागून घेतली होती.